रक्ताऐवजी सहा पिशव्या

मी बारा वर्षं मुलुंडमध्ये बायकांना गाडी चालवायला शिकवली. बसून करायचं काम, त्यामुळे आपल्याला धाप लागतेय हे मला कळलंच उशिरा. घरचा जिना चढताना पहिल्या मजल्यावर थांबायला लागले, तेव्हा वाटलं, चाळिशी आली. शिकायला येणारी एक बाई म्हणाली, "मॅडम, तुमचे डोळे पिवळे दिसतायत." मी म्हटलं, "तू समोर बघ. माझ्या डोळ्यांत बघून गाडी चालत नाही." दोघी हसलो.

शिकवायच्या गाडीत आमच्या बाजूलाही ब्रेक असतो. दोन दिवसांनी एलबीएस रोडवर पुढची रिक्षा अचानक थांबली आणि मी तो ब्रेक दाबायला गेले, तर माझा पाय उचललाच गेला नाही. त्या बाईनेच घाबरून तिचा ब्रेक दाबला म्हणून वाचलो. मी तिला तिथेच गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि नवऱ्याला, संतोषला, फोन केला. "ये, मला घेऊन जा. काहीतरी वाट लागलीय."

रिपोर्ट

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना कावीळ वाटली. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. दुपारी लॅबवाल्यांचा स्वतःहून फोन आला. रिपोर्ट तयार आहे असं नाही म्हणाले. म्हणाले, "पेशंट कुठे आहे? बसलीय की झोपलीय? तिला उठू देऊ नका."

हिमोग्लोबिन बाराच्या आसपास असायला हवं. माझं तीन पूर्णांक आठ होतं.

अंधेरीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मला स्ट्रेचरवरून नेलं. तिथल्या रक्ताच्या डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या, बारीक, आवाज खालचा. त्यांनी आडवळणं घेतली नाहीत. "वैशाली, तुझं शरीर तुझ्याच लाल पेशी मारतंय. का, ते बहुतेक वेळा कळत नाही. थांबवायची औषधं आहेत, पण त्यांना आठ-दहा दिवस लागतात."

संतोष म्हणाला, "मग तोपर्यंत रक्त चढवा ना. माझ्या ऑफिसातली पंधरा माणसं आत्ता खाली उभी राहतील."

"माणसं कमी पडणार नाहीत," मॅडम म्हणाल्या. "पण ती जे रक्त देतील, तेही ती मारेल. आम्ही अकरा पिशव्या तपासल्या. एकही जुळत नाही."

संतोषने माझ्याकडे बघितलं. मी हे मुद्दाम करतेय का, अशी काहीतरी नजर होती ती. तशी नसेलही. पण मला तशी दिसली, म्हणून लिहितेय.

बोलायचं नाही

ऑक्सिजन वाचवायचा म्हणून मला सगळं बंद केलं. उठायचं नाही, कूस सिस्टर बदलणार, बोलायचं नाही. हसायचंही नाही. तपासणीसाठी रक्त घ्यायचे ते तान्ह्या बाळांच्या इवल्याशा नळ्यांमध्ये, कारण मोठी नळी भरण्याइतकं माझ्यातून काढणं परवडणारं नव्हतं. सकाळी नळी, दुपारी नळी. नळी भरली की मी सिस्टरच्या तोंडाकडे बघायचे. एक सिस्टर केरळची होती. आकडा वाईट आला की ती उगाच माझी चादर नीट करायची. तिच्या हाताने चादर ओढली गेली की मला आकडा कळायचा.

माझी मुलगी सई तेव्हा तेरा वर्षांची. दुसऱ्या दिवशी भेटायला आली आणि पलंगाच्या पायाशी उभी राहिली. मी हाताने खुणा करत राहिले, ये, जवळ ये. ती म्हणाली, "मम्मी, तू लिंबासारखी दिसतेस," आणि बाहेर पळाली. त्यानंतर ती आलीच नाही. संतोष सांगायचा, तिचा क्लास आहे, परीक्षा आहे. मला खरं कारण माहीत होतं आणि मला तिचा राग आला. तेरा वर्षांच्या पोरीवर महिनाभर राग धरणारी आई असते. मी होते.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी त्यातल्या त्यात कमी विरोध करणारी एक पिशवी निवडून ती थेंब थेंब चढवली. अर्ध्या तासात मला एवढी थंडी भरली की पलंग वाजायला लागला. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन दोन पूर्णांक सहा. जे घातलं तेही गेलं आणि जाताना माझं थोडं घेऊन गेलं.

शरीरात प्राणवायू कमी पडला की काय होतं ते सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. दुखत नाही. सगळं लांब जातं. माणसं खोलीच्या दुसऱ्या टोकाला असल्यासारखी वाटतात. स्वतःचं हृदय कानात ऐकू येतं, कुणी पलीकडच्या घरात खलबत्त्यात काहीतरी कुटतंय तसं. आणि भीती वाटायलाही जोर लागतो, तो नसतो. मी संतोषला जवळ बोलावून मास्कच्या आतून म्हटलं, "दुसरं लग्न कर. पण आईंच्या पसंतीने नको." तो म्हणाला, "गप गं, बोलू नको सांगितलंय ना तुला." आणि मग खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

बाबांचा प्रश्न

त्या दुपारी माझे बाबा आणि सासूबाई दोघंही आले होते. आम्ही बौद्ध, मूळचे जालन्याकडचे. संतोषचं घर मालवणचं. आमचं लग्न ठरलं तेव्हा मी सासूबाईंना सांगितलं होतं, बाबा महापालिकेत आहेत. ते खरंच होतं. कुठे आहेत, ते मी सांगितलं नाही, बाबांनाही सांगू दिलं नाही. संतोषला माहीत होतं. सोळा वर्षं आम्ही तिघांनी ते झाकून ठेवलं होतं.

डॉक्टर मॅडम खुर्ची ओढून बसल्या. "एक गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "रक्त नाही, पण रक्ताचं एक काम करते. गाईच्या रक्तातला प्राणवायू वाहणारा लाल पदार्थ काढून, शुद्ध करून, त्याचे कण एकमेकांना जोडून केलेलं द्रावण. वैशालीचं शरीर पेशींवरचं आवरण ओळखून त्या मारतंय. ह्यात पेशीच नाही, म्हणून आवरणही नाही. ओळखायला काही नाही."

"मग द्या ना!" संतोष म्हणाला.

"आपल्याकडे त्याला परवानगी नाही. बहुतेक देशांत नाही. लोक कितीतरी वर्षं हे बनवायला धडपडतायत. सैनिकांसाठी, अपघातासाठी. रक्तगट लागत नाही, फ्रिज लागत नाही, स्वप्नच आहे ते. पण ज्यांच्यावर करून बघितलं, त्यांच्यातल्या काहींचं ब्लड प्रेशर चढलं, काहींना हार्ट अटॅक आले. कितीतरी प्रयोग बंद पडले. अजून नवे प्रकार करतायत, चरबीच्या पिशवीत भरलेले, भुकटी केलेले. ते प्रयोगशाळेतच आहेत. हा एक प्रकार, ज्याला दुसरा काहीच इलाज नाही, त्याच्यासाठी कंपनी बाहेरून पाठवते. सरकारकडे अर्ज करावा लागतो, त्या एका माणसाच्या नावाने. त्याने ती बरी होणार नाही. औषध लागू पडेपर्यंत तिला ओढून न्यायला दिवस मिळतील, एवढंच."

बाबांनी विचारलं, "मॅडम, ते रक्त धरतात कसं? हवेत आलं की लगेच गोठतं ना ते. गोळा होतो."

मॅडम त्यांच्याकडे बघायला लागल्या. "बरोबर आहे. तुम्हाला कसं माहीत?"

बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं. परवानगी मागितली त्यांनी. एकाहत्तर वर्षांचा माणूस, मुलीच्या पलंगाजवळ उभा राहून, स्वतःची नोकरी सांगायची परवानगी मागत होता. मी मान हलवली.

"मी देवनारच्या कत्तलखान्यात होतो," ते म्हणाले. "एकतीस वर्षं. फरशी धुवायला. म्हशीचं, बकऱ्याचं रक्त पाइपाने पाणी मारून गटारात ढकलायचं. पटकन नाही मारलं तर चिकटून बसायचं, मग खरवडावं लागायचं. म्हणून विचारलं." मग म्हणाले, "आम्ही सगळं गटारातच सोडलं. त्यातनं असलं काही निघतं, आम्हाला कुठे माहीत."

सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला. मग संतोषला विचारलं, "गायीक मारून काढतत काय ता?"

"आई, खाण्यासाठी मारतात तिकडे. हे उरलेलं रक्त असतं."

"मी काय बोलू? तुमका व्हया ता करा." त्या उठल्या आणि निघून गेल्या. मी घरी येईपर्यंत पुन्हा हॉस्पिटलात आल्या नाहीत. गाईमुळे की देवनारमुळे, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

सही मी स्वतः केली. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं की ह्या द्रावणाने मृत्यू येऊ शकतो. ते न घेता काय येणार होतं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पाच दिवस

अर्ज, त्याला जोडायचे कागद, कंपनीचं उत्तर, पुन्हा एक कागद. मॅडम आणि संतोष दिवसभर फोनवर. पाच दिवस लागले. लवकर झालं म्हणतात. ह्या पाच दिवसांत माझं हिमोग्लोबिन दोन पूर्णांक एकवर आलं. मला त्यातलं फार आठवत नाही. बाबा रोज दुपारी देवनारहून बस बदलून यायचे आणि माझे पाय धरून बसायचे, ते आठवतं. माझे पाय गार पडलेले असायचे. ते चोळायचे नाहीत, नुसते धरायचे, कारण चोळलं तर मला त्रास होईल असं त्यांना वाटायचं.

पिशव्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आल्या. बर्फ नाही, काही नाही. केरळच्या सिस्टरने दोनदा विचारलं, "फ्रिजमध्ये नको?" रंग जांभळट काळा, पिकलेल्या करवंदासारखा. पहिली पिशवी लावली तेव्हा वॉर्डातले दोन शिकाऊ डॉक्टर नुसते बघायला येऊन उभे राहिले.

तासाभराने कानातलं कुटणं कमी झालं. माणसं जवळ आली. मी सिस्टरला म्हटलं, "पंखा कमी कर, थंडी वाजतेय," आणि माझं मलाच लक्षात आलं की कितीतरी दिवसांनी मी एक वाक्य पूर्ण केलं. बाबा तोंडावर हात ठेवून रडायला लागले.

हा भाग सांगायला सगळ्यांना आवडतो. पुढचा संतोष पाहुण्यांना सांगत नाही.

दुपारपासून पोटात पिळे पडायला लागले. पाणी गिळता येईना, घोट छातीत अडकून बसायचा. ब्लड प्रेशर चढत गेलं. खालून लॅबवाल्यांचा फोन, तुमचं सॅम्पल खराब आहे, पुन्हा पाठवा. सॅम्पल खराब नव्हतं, माझ्या रक्ताचं पाणीच लाल झालं होतं आणि त्यांच्या यंत्राला त्यातून काही वाचता येत नव्हतं. ऑक्सिजन मोजायला बोटाला लावलेला चिमटा सारखा ओरडायचा. मॅडम सिस्टरला म्हणाल्या, "ते यंत्र बघू नका. तिला बघा." म्हणजे सिस्टर दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसायची आणि मी तिच्या.

एका पिशवीचा जोर दिवसभरात ओसरायचा. मग पुढची. चार दिवसांत सहा लावल्या.

तिसऱ्या पिशवीनंतरच्या सकाळी मी डोळे उघडले आणि सिस्टरला कंबरच नव्हती. डोकं होतं, खांदे होते, खाली राखाडी. मी डावा डोळा झाकला, राखाडी वाढलं. उजवा झाकला, सिस्टर पूर्ण दिसली. सहावी पिशवी संपेपर्यंत मी हे कुणाला सांगितलंच नाही. मला वाटलं, सांगितलं तर पिशव्या बंद करतील.

मॅडमचं उत्तर

पिशव्या संपता संपता औषधाने मनावर घेतलं. दोन पूर्णांक नऊ, तीन पूर्णांक सात, पाच. सिस्टरने चादर ओढणं सोडलं. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याच्या नसेला रक्तपुरवठा कमी पडला आणि तिचा काही भाग मेला. परत येणार नाही.

मी मॅडमना विचारलं, "रक्त कमी होतं म्हणून गेला, की पिशव्यांमुळे?"

"सांगता येत नाही. इतक्या कमी रक्तात डोळा असाही जातो. आणि त्या द्रावणाने नसा आवळतात, त्यानेही जाऊ शकतो."

"तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "मला वाटतं, दोन्ही. आणि तू तिसऱ्या पिशवीनंतर लगेच सांगितलं असतंस, तर मी पुढच्या तीन पिशव्या दिल्या असत्या का, हेही मला माहीत नाही."

मी तेव्हा त्यांच्यावर चिडले. आता वाटतं, त्या हॉस्पिटलात मला मिळालेली सगळ्यात सरळ वागणूक तीच होती.

घरी

घरी आले तेव्हा स्टेरॉइडने तोंड भाकरीसारखं सुजलं होतं. सई दारात उभी होती. म्हणाली, "आता लिंबू नाही, मोसंबी," आणि मला घट्ट धरलं. माझा राग लगेच गेला नाही. पण मी तिला सोडलंही नाही.

सासूबाई माझं सगळं करायच्या. पेज, औषधं, केस धुवायला गरम पाणी. फक्त माझ्या हातचा चहा घेईनात. मी केला की, "माका नको, पित्त झाला" म्हणायच्या आणि नंतर स्वतः करून घ्यायच्या. सोळा वर्षं रोज संध्याकाळी त्यांना मीच चहा दिला होता. दोन महिने हे चाललं. मग एकदा तपासणीला त्या स्वतःहून माझ्याबरोबर आल्या आणि मॅडमना विचारलं, "ता रगात अजून हिच्या आंगात आसा काय?"

मॅडमना समजायला क्षणभर लागला. "नाही आजी. थोड्याच दिवसांत निघून गेलं ते."

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. बाबांच्या नोकरीबद्दल त्यांनी आजवर एक शब्द काढलेला नाही. बाबा आले की त्या आत जातात. बाबा मात्र आता वॉचमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना सांगतात, मी देवनारला होतो.

शिकवणं सुटलं. रस्ता, चाकं, पोरंटोरं, सगळं खालच्याच अर्ध्यात असतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी मला ऑफिसात फोन घ्यायला बसवलं. रोज सकाळी लघवीचा रंग बघते. आजार परत येऊ शकतो, त्याची तारीख कुणाकडे नाही.

माहुलहून फोन

गेल्या वर्षी मॅडमचा फोन आला. "एका वडिलांना तुझा नंबर देऊ का? मुलीला तुझ्यासारखंच झालंय. मी सगळं सांगितलंय, पण त्यांना घेतलेल्या माणसाशी बोलायचंय."

ते माहुलचे. रिफायनरीत कंत्राटी कामगार. मुलगी बावीस वर्षांची, प्रियंका. बोलताना मागे सारखं कुणीतरी खोकत होतं.

"ताई, खरं सांगा. घेऊ का?"

मी खरं सांगितलं. कानातला आवाज कसा कमी झाला, गिळणं कसं बंद झालं, डोळा कसा गेला. ते म्हणाले, "डोळा गेला तर चालेल. तुम्ही परत घ्याल का?"

"घेईन," मी म्हटलं. "पण काका, येईपर्यंत दिवस जातात. आजच सही करा. विचार नंतर करा."

"आजच करतो."

चार दिवसांनी, मी ऑफिसात असताना, त्यांचा पुन्हा फोन आला.

"ताई, ती गेली. सकाळी सात वाजता."

मी खुर्चीतून उठले.

"आणि पिशव्या आत्ता आल्या," ते म्हणाले. "आत्ता, दुपारी. माझ्यासमोर खोकं आहे. मॅडम म्हणतात, तिच्या नावाने आल्यात. परत पाठवायच्या, की इथे ठेवायची परवानगी मागायची. माझी सही लागेल. ताई, मला काही कळत नाही."

"काका," मी म्हटलं, "त्या लवकर खराब होत नाहीत. नुसत्या कपाटात ठेवल्या तरी टिकतात. दोन-तीन वर्षं."

"म्हणजे कुणाला तरी लागतील."

"लागतील. आणि त्याला थांबावं लागणार नाही."

ते म्हणाले, "फोन ठेवू नका, ताई."

मी ठेवला नाही. त्यांनी कुणाकडे तरी पेन मागितलेलं ऐकू आलं. कागद सरकला. त्यांनी विचारलं, "इथे नाव कुणाचं घालू? माझं का पोरीचं?" मॅडमचा आवाज आला, "वर तिचं. खाली तुमचं." मग ते लिहायला लागले. लिहिता लिहिता एकेक अक्षर तोंडाने म्हणत होते, शाळेत मूल म्हणतं तसं, सावकाश. आधी तिचं नाव, मग स्वतःचं, मग आडनाव. आडनाव दोनदा म्हणाले, वर एकदा आणि खाली एकदा.

"झालं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.